टोरंटोचे बूट, ठाण्याचा पावसाळा आणि दर ऑक्टोबरात उगवणारी पांढरी रेघ

आधी लक्षण सांगते. तपकिरी चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे बूट. एप्रिलात टोरंटोहून आणले तेव्हा पुसूनपासून लख्ख होते. नौपाड्यातल्या घरी माळ्यावर ठेवले आणि पावसाळाभर त्यांना हात लावला नाही. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं, दिवाळीच्या साफसफाईसाठी माळा रिकामा केला, तर सोलच्या दोन बोटं वर, दोन्ही बुटांना गोल फिरलेली पांढरी नागमोडी रेघ. ओल्या फडक्याने पुसली, गेली. बूट पंख्याखाली वाळले आणि रेघ जागच्या जागी हजर. हे एकदा घडलं असतं तर लिहायला बसले नसते. लागोपाठ तीन वर्षं घडलं.

मी दर हिवाळ्यात लेकीकडे जाते, नातवाला शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे असतं. ठाण्यातून तिकडे ये-जा करणाऱ्या आज्या-आजोबांची संख्या आता कमी नाही. इकडे येताना बूट सोबत येतात, कारण आपल्याकडे ते दुरुस्त करून मिळतात. म्हणजे एकाच बुटांच्या नशिबी कॅनडातलं रस्त्यावरचं मीठ आणि ठाण्यातला जुलै, असं दोन्ही.

पहिल्या वर्षी मी ठरवूनच टाकलं की ही बुरशी. दुसरं काय असणार? आपल्याकडे पावसाळ्यात पट्ट्याला बुरशी, पर्सला बुरशी, देवघरातल्या पोथीच्या बांधणीलाही बुरशी. मग मी बूट गच्चीत कडक उन्हात ठेवले, व्हिनेगरने पुसले आणि वर खोबरेल तेल चोळलं. तिन्ही गोष्टी त्या दुखण्यासाठी चुकीच्या होत्या. तेल तर फारच महागात पडलं, ते पुढे येईल.

उलगडा केला स्टेशनजवळच्या मोचीदादांनी. टाच बदलायला गेले होते. त्यांनी रेघेवर नख ओढलं, बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, बुरशी पिठासारखी फासते. हे करकरतंय. बूट खाऱ्या पाण्यात भिजलेत." मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि घरात मिठाची बरणीही आहे, तरी हे मला दुसऱ्याने सांगावं लागलं.

मिठाची बरणी आणि भिंतीचा लोणा

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, म्हणून आपण त्यात तांदळाचे चार दाणे टाकतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच त्यात विरघळतं. माझ्या स्वयंपाकघरातलं आर्द्रतेचं छोटं यंत्र जुलैत 85 ते 90 च्या मध्ये घुटमळत असतं. म्हणजे बुटाच्या चामड्यात जिरलेलं मीठ जून ते सप्टेंबर आतल्या आत ओलं असतं. दिसत काही नाही, फक्त चामडं हाताला जरा गार आणि दमट लागतं. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की ते पाणी बाहेरच्या पृष्ठभागावरून उडून जातं आणि सोबत आणलेलं मीठ तिथेच ठेवून जातं. पुसलं की वरचं जातं, आतलं तसंच राहतं. पुढच्या ओल-सुकीला तेच पुन्हा वर येतं.

भिंतीला लोणा लागतो तो असाच. लोण्यावर नुसता रंग मारून तो गेल्याचं कोणी पाहिलंय? रंगच पापुद्रे होऊन गळतो.

दिसायला वाईट, एवढ्यापुरतंच हे असतं तर मी सोडून दिलं असतं. पण मिठाचे स्फटिक चामड्याच्या तंतूंमध्ये वाढतात, विरघळतात, पुन्हा वाढतात. त्या रेटारेटीत चामडं कडक होतं आणि चालताना जिथे दुमडतं तिथे चिरा पडतात. चवड्यावरची चीर एकदा पडली की मोचीसुद्धा हात टेकतो.

मीठ आलं कुठून, ते तिकडे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. बर्फ पडला की रस्त्यावर आणि पदपथावर जाडं मीठ फेकतात, आपण अंगणात रांगोळी टाकावी इतक्या सहज. ओंटारियोत ह्युरॉन सरोवराकाठी गोडरिच नावाचं गाव आहे, तिथे सरोवराच्या तळाखाली मिठाची प्रचंड खाण आहे. जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण म्हणून ती ओळखली जाते. आपल्याला मीठ म्हटलं की मुलुंड-भांडुपकडची मिठागरं आठवतात, तिकडे मीठ जमिनीच्या पोटातून येतं. साधं मीठ उणे 9-10 अंशांपर्यंत बर्फ बऱ्यापैकी वितळवतं. त्याखाली थंडी गेली की कॅल्शियम क्लोराइड वापरतात. ते आणखी हावरट. मिठाला 75 टक्के आर्द्रता लागते, याला 30 टक्क्यांच्या आसपासही पुरते, त्यामुळे ते वाळतच नाही आणि बुटावर तेलकट, बुळबुळीत थर राहतो. तुमची रेघ पांढरी नसून कायम ओलसर काळपट दिसत असेल तर संशय याच्यावर घ्या.

पांढरं दिसलं की आधी ओळखायचं

उपाय करण्याआधी पाच मिनिटं द्या, कारण बुटावर पांढरं दिसणाऱ्या गोष्टी तीन आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला अपाय ठरतो.

केस वाळवायचा ड्रायर मंद आचेवर, वीतभर अंतरावरून, त्या पांढऱ्यावर धरा. ते विरघळून चामड्यात दिसेनासं झालं तर ती चरबी किंवा मेण आहे. चामडं कमावताना घातलेली किंवा आपण वरून चोळलेली स्निग्धता थंडीत गोठून वर येते. यात बिघडलेलं काही नाही. मऊ फडक्याने चोळा आणि सोडून द्या. माझं खोबरेल इथेच नडलं. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली थिजतं. ठाण्यात ते महिनोन्महिने पातळ असतं, म्हणून आपल्याला सुचत नाही. टोरंटोत दाराबाहेर पाऊल टाकलं आणि बूट पांढरेफटक! त्या वर्षी मी मीठ समजून तेलाला पाण्याने धूत बसले होते.

ड्रायरने फरक पडला नाही तर ओला कापूस घ्या. पांढरं लगेच विरघळलं आणि वाळल्यावर त्याच रेघेत परतलं, तर मीठ. मिठाला काठ असतो. खाडीची भरती ओसरल्यावर बंधाऱ्यावर रेघ राहते ना, तशी ती सोलला समांतर पण नागमोडी जाते. आणि ती करकरते.

बुरशी ठिपक्यांनी येते, रेघेने नाही. भिंगातून पाहिलं तर लव दिसते. तिला कुबट वास असतो. शिवाय ती शिवणीत, जिभेखाली, आतल्या अस्तरावर, जिथे हवा पोचत नाही तिथे आधी धरते.

लेस ओवायच्या पितळी कड्यांभोवती हिरवट मेण जमलं असेल तर ते या तिघांपैकी काहीच नाही. पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी यांचा तो उद्योग. काडीपेटीतल्या काडीने खरवडून काढा.

मीठ बाहेर काढण्याची रीत

ही आतलं मीठ उपसून काढायची रीत आहे. मला तीन फेऱ्या लागल्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त रेघेपुरता ओला बोळा फिरवणं. ओल्या भागाचा जिथे काठ येतो तिथेच नवी रेघ तयार होते, मग एकाच्या दोन होतात. म्हणून बूट पूर्ण, एकसारखा ओला करायचा. लेस काढा, वरची माती कोरड्या ब्रशने झाडा. एक वाटी साधं पांढरं व्हिनेगर आणि दोन वाट्या पाणी एकत्र करून स्पंजने सोलपासून वरच्या काठापर्यंत सगळीकडे फिरवा. बूट बादलीत बुडवायचा नाही. व्हिनेगरबद्दल लोकांचा गैरसमज आहे की तेच मीठ काढतं. मीठ काढतं पाणी. व्हिनेगरचं काम कॅल्शियमचे चिकट डाग सोडवणं आणि चामड्याची मुळातली थोडी आम्लता टिकवणं, एवढंच. म्हणून नंतर नुसत्या पाण्याचा स्पंज दोनदा फिरवा. कपड्यांची पावडर आणि खाण्याचा सोडा या दोन्हींना हात लावू नका. दोन्ही अल्कधर्मी, चामड्याला सोसत नाहीत.

आता लगदा. पांढरे, बिनछापील टिशू पेपर पाण्यात भिजवून हलके पिळा आणि सोलपासून रेघेच्या चार बोटं वरपर्यंत दोन-तीन थरांनी बुटाला चिकटवा. एरवी आपण ओल्या बुटात वर्तमानपत्र कोंबतो, इथे ते करायचं नाही. आत कागद असेल तर पाणी आतल्या बाजूलाही जातं आणि मीठ अस्तरात जाऊन बसतं. त्याऐवजी आत प्लास्टिकची पिशवी बोळा करून भरा, म्हणजे आकारही राहतो आणि पाण्याला बाहेरचीच वाट उरते. बूट पंख्याखाली ठेवा. कागद वाळेपर्यंत पाणी त्याच्यात येत राहतं, मीठ पाण्याच्या मागोमाग येतं आणि कागदात अडकतं. माझ्या पहिल्या फेरीतला कागद सुकला तेव्हा त्याच्या काठाला पापडखारासारखी पांढरी किनार होती. दुसऱ्या फेरीत पुसट. तिसऱ्यात कोरा. कोरा निघाला की थांबायचं, उगाच चौथी करू नका, दर ओल्या फेरीत चामड्यातलं तेल थोडं थोडं जातंच.

शेवटच्या फेरीनंतर मात्र आत वर्तमानपत्र भरा, सहा-सात तासांनी बदला आणि बूट दोन दिवस सावलीत राहू द्या. ऊन नको, फ्रिजच्या मागची ऊब नको, गॅसजवळ तर नकोच. ओलं चामडं कोरड्यापेक्षा खूप कमी उष्णतेला आकसतं. तिकडच्या घरांत जमिनीत गरम हवेच्या जाळ्या असतात, त्यावर बूट वाळत घालायचा मोह सगळ्यांना होतो. माझ्या जावयाने घातले आणि नवे बूट अर्ध्या नंबराने लहान करून घेतले.

पूर्ण वाळल्यावर चामड्याचं कंडिशनर अगदी पातळ. चामडं पिईल तेवढंच, वर चिकट उरलं तर पुसून टाका.

वेळेबद्दल एक गोष्ट. हे काम जुलैत ठाण्यात करू नका. कागद वाळायला तीन-चार दिवस लागतील आणि तेवढ्यात बुरशी धरेल. मे महिन्यात चालतं, दिवाळीच्या आधी उत्तम. पण सगळ्यात सोपं म्हणजे टोरंटोतून निघायच्या आठवड्यात तिथेच उरकणं. हिवाळ्यात हीटिंग चालू असलेल्या घरातली हवा इतकी कोरडी असते की आपले ओठ फुटतात. तीच हवा इथे उपयोगी पडते, एका रात्रीत लगदा खडखडीत. मीठ इकडे आणलंच नाही तर पावसाळ्यात पाणी कशाला सुटेल?

भाचा परदेशी गेलाच नाही, तरी रेघ

हे वाचून कळव्याचा माझा भाचा म्हणाला, "मावशी, मी कधी कॅनडा पाहिला नाही, मग माझ्या ऑफिसच्या बुटांना पांढरं का?" तो बाइकवरून ऐरोलीला जातो. वाटेत विटाव्याला रेल्वेखालच्या रस्त्यावर पाणी तुंबतं, हे ठाणेकरांना सांगायला नको. खाडी शेजारीच आहे. भरतीच्या वेळी तिचं खारं पाणी त्यात मिसळलं तर बुटाला तेच सोडियम क्लोराइड मिळतं. आणि दुसरं मीठ आतून येतं, घामाचं. दिवसभर तेच बूट, नायलॉनचे मोजे आणि आपला मे महिना. घामाची रेघ सोलच्या वर नाही, तर पाय दुमडतो तिथे आणि टाचेच्या बाजूंना येते. उपाय तोच, शिवाय एकाच जोडाला रोज न जुंपता दोन जोड आलटून-पालटून घालणं. तुंबलेल्या पाण्यातून आलात तर बूट नंतर बघा, आधी पाय साबणाने धुवा.

खरंच बुरशी असेल तर

घराबाहेर, गॅलरीत न्या, नाका-तोंडावर मास्क बांधा आणि कोरड्या ब्रशने झाडा. हे घरात केलंत तर बुरशीचे बीजाणू बाकीच्या चपलांना वाटून टाकाल. मग मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणून त्यात तितकंच पाणी घाला आणि फडक्याने पुसा. आधी जिभेच्या आतल्या कोपऱ्यावर करून पाहा, काही चामड्यांचा रंग उतरतो. ब्लीच नको. कपाटातल्या डांबर गोळ्या कसरीसाठी, बुरशीसाठी त्यांच्यावर विसंबू नका.

कोल्हापुरीला बुरशी लवकर धरते असं तुम्हाला वाटत असेल तर ते खरं आहे. ते चामडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं असतं आणि असं चामडं क्रोमने कमावलेल्यापेक्षा बुरशीला जास्त मानवतं. म्हणून मृग लागायच्या आत कोल्हापुरी आवरून ठेवायची, ही जुनी पद्धत बरोबरच होती. आमची चूक एवढीच की आवरून म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर. पिशवीत जी ओल गेली ती तिथेच राहिली. आता मी सुती पिशवी वापरते आणि माळ्याऐवजी रोज उघडणाऱ्या कपाटातला खालचा कप्पा.

त्या कपाटात झिरोचा बल्ब लावायची मुंबईकरांची जुनी युक्ती आहे. कॅमेऱ्याच्या लेन्स सांभाळणारी मंडळी ती हमखास सांगतात. कपाटातली हवा पाचेक अंशांनी तापली तरी 85 टक्के आर्द्रता 65 च्या आत येते, बुरशीला ते पुरत नाही. पण हल्लीचे झिरो बल्ब एलईडीचे, ते गरमच होत नाहीत. जुना तारेचा बल्ब मिळाला तर कापडापासून लांब लावा, नाही तर सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. निळे मणी गुलाबी झाले की भरले असं समजा. ते तापवून पुन्हा वापरता येतात, मात्र खायच्या भांड्यात तापवू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

पुढच्या हिवाळ्यासाठी

तिकडे गेल्यावर पहिल्या बर्फाआधी, स्वच्छ आणि मीठ नसलेल्या बुटांना मेणाचा हात द्या. मेणात मधमाशीचं मेण असलं की झालं, फार महागाच्या मागे लागू नका. बोटाच्या उबेने मऊ करून सोलजवळच्या शिवणीत आणि जिभेच्या घडीत नीट भरा, पाणी तिथूनच शिरतं. मीठ आत असताना मेण लावणं म्हणजे लोण्यावर रंग. दुसऱ्या वर्षी मी नेमकं तेच केलं होतं.

रोज घरी आल्यावर दारातल्या ट्रेमध्ये बूट काढले की ओल्या फडक्याने सोलच्या कडेने एक फेरा, ओलं आहे तोवरच. मीठ वाळून आत शिरल्यावर हेच काम दहापट होतं. नातू हे काम माझ्याआधी करतो, कारण त्याला फडका पिळायला आवडतो.

आणि रस्त्यावर चिखलासारखा खारट बर्फाचा रबडा असेल त्या दिवशी चामड्याचे बूट काढूच नका, रबराचे घाला. आपण भर जुलैत जांभळी नाक्यावर भाजी आणायला कोल्हापुरी घालून जातो का?

जावयाच्या ट्रेकिंगच्या बुटांचं मात्र मला काही करता आलं नाही. पाच-सहा वर्षं आमच्या माळ्यावर न वापरता पडलेले, वरून धडधाकट. पायात घातले आणि दहा पावलांत सोल रव्याच्या लाडवासारखा फुटला. तो पॉलियुरेथेनचा सोल. दमट, उबदार हवेत पाण्याच्या वाफेने त्याचे रेणू तुटत जातात, वापरा किंवा न वापरा. मोचीदादांनी चिकटवायला नकार दिला आणि ते बरोबर होतं. पूर्ण रबरी सोल बसवून घेतला.

माझ्या बुटांची यंदाची तपासणी परवा झाली. रेघ नाही. फक्त डाव्या बुटाच्या जिभेच्या घडीत, जिथे लगदा नीट चिकटला नव्हता, तिथे नखाएवढं पांढरं आलंय. ड्रायर धरून पाहिला, विरघळलं नाही. ओल्या टिशूची घडी आत खोचून ठेवली आहे. विमान 12 नोव्हेंबरला, तोवर दोनदा बदलून होईल.